माझ्या वाट्याचा नकार

माझ्या मुलाला मारण्याआधी नोफान जेवून आला होता.

गावात ही गोष्ट सांगताना लोक एवढा भाग गाळतात. तेलाच्या घाण्यावर रांगेवरून बाचाबाची झाली, तरणी पोरं तापली, पिस्तूल निघालं आणि हायेल पडला, असं सांगतात. ऐकणारा चुकचुकतो आणि म्हणतो, काय हा क्षणाचा राग! पण राग क्षणाचा नव्हता. सकाळी दहाच्या सुमारास नोफान जैतुनाची अकरा पोती घेऊन घाण्यावर आला. पोती तोलून नंबर द्यायचं काम हायेलकडे होतं. नोफानला रांग सोडून पुढे जायचं होतं. हायेल म्हणाला, "तुझा नंबर चौदावा. आणि पोत्यांत फळं कमी, पाला जास्त आहे. आधी निवडून आण." रांगेतले लोक हसले. नोफान निघून गेला. पोती तिथेच ठेवून गेला. तो परत आला तेव्हा दुपारच्या नमाजाची अजान होऊन गेली होती. माझा मुलगा तराजूपाशी पाठमोरा वाकला होता.

नोफान मधल्या वेळात काय करत होता, हे मला त्याच्या आईनेच सांगितलं.

आमच्या ऐन तीना गावात रीत अशी, की खून झाला की मारणाऱ्याच्या घरच्यांनी गाव सोडायचं. समेट होईपर्यंत त्यांनी परत यायचं नाही. तिसऱ्या दिवशी नोफानच्या आईच्या, खजनाच्या दारात ट्रक लागला. तिचं दार माझ्या दारासमोर आहे, मध्ये फक्त रस्ता. तीस वर्षं आम्ही एकाच भट्टीत रोट्या भाजल्या. गाद्या चढवून झाल्यावर ती माझ्या उंबऱ्यापर्यंत आली. आत आली नाही. आमच्या दोघींचेही नवरे कधीच गेलेले, त्यामुळे मध्ये बोलायला कोणी नव्हतं.

"जेवला गं," ती म्हणाली. "मी वाढलं. मान खाली घालून जेवला, हात धुतले आणि गेला. मला काय माहीत, फिद्दा? मला काय माहीत?"

 ती गेली. पण ते शब्द मी ओढणीच्या टोकाला गाठ मारावी तसे बांधून ठेवले.

पुढचं सगळं माझ्या धाकट्या दिराने, मश्हूरने, हातात घेतलं. त्याने नोफानच्या घराण्याला तहाची, म्हणजे सूड न घेण्याची मुदत दिली, ती वाढवली, मग पुन्हा वाढवली. माझ्या अंगणात पुरुष येत, बोलत, उठून जात. मला कळायचं ते किती कप कॉफी करायची एवढंच.

हायेलचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर एक मुलगी आली. बुटकी, बुटांना चिखल, काखेत कागदांची फाइल. नाव रहफ. जिल्ह्याच्या गावात एक कचेरी आहे, ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांना फुकट वकील देणारी, तिथली ती वकील. मी तिला बसवलं, चहा दिला. तिने आधी साखर नको म्हटलं, मग दोन चमचे घेतली.

"खाला, खटल्याच्या तारखा तुम्हाला कुणी कळवल्या?"

"कसल्या तारखा?"

"दोन तारखा होऊन गेल्या."

"मश्हूरला कळवल्या असतील."

"कळवल्या आहेत. पण तुम्हालाही कळवायला हव्या होत्या. तो तुमचा हक्क आहे. कोर्टात बसण्याचा, वकील देण्याचा, आपल्या वकिलाकडून प्रश्न विचारण्याचा, सगळ्याचा." तिने कप खाली ठेवला. "आणि अजून एक हक्क आहे, मी खरं तर त्याच्यासाठीच आलेय. या खटल्यात दोन हक्क आहेत, खाला. एक सरकारचा. नोफानने कायदा मोडला, त्याची शिक्षा सरकार मागणार. दुसरा तुमचा. ज्यांचं माणूस गेलं त्यांचा. वारसांनी आपला हक्क सोडला, तर न्यायाधीश शिक्षा निम्मी करू शकतात."

"निम्मी म्हणजे?"

"वीस वर्षांची दहा."

"आणि नाही सोडला तर?"

"तर बहुतेक वीसची वीस. पण मी तुम्हाला सोडा असं सांगायला आले नाही, सोडू नका असंही नाही. हक्क तुमचा आहे, एवढंच."

"वारस कोण कोण?"

तिने धर्मन्यायालयाचा कागद काढला. "मुलाचं लग्न झालेलं नव्हतं, भावंडं नाहीत. म्हणजे आई आणि चुलता. दोघंच. चुलत्याचा वाटा मोठा आहे. पण हक्क सोडायचा तर दोघांच्या सह्या लागतात. एकाच्या सहीने भागत नाही."

"पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिला वाटलं, म्हातारीला समजत नाहीये, म्हणून ती अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. मला पहिल्याच वेळी समजलं होतं. मला ते ऐकायचं होतं. मुलगा गेल्यापासून कानाला बरं वाटावं असं पहिल्यांदाच काहीतरी पडत होतं.

तो कागद मी ठेवून घेतला. बावन्नाव्या वर्षी मशिदीतल्या बायकांच्या वर्गात मी वाचायला शिकले होते, तेव्हा खजना शेजारी बसून हसायची, "आता काय मुख्तार होऊन गाव चालवणार आहेस?" तो कागद मी दुपारभर वाचला. वारस पहिला: आई.

आठ दिवसांनी मश्हूर आला. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, माझ्या हातच्या रोट्या खाऊन वाढला. आता पोट सुटलेलं, हातात दोन फोन.

"उम्म हायेल," तो म्हणाला. हायेलची आई, अशीच तो मला हाक मारतो. "शुक्रवारी जाहा येतेय." जाहा म्हणजे मोठ्या माणसांची मंडळी, मारणाऱ्याच्या बाजूने माफी मागायला येणारी. "खुद्द रातिब पाशा येतायत. चाळीस माणसं तरी असतील. दादाच्या घरी, म्हणजे इथेच बसू. मानाची गोष्ट आहे. तुमच्या दारात पाशा!"

"येऊन काय मागणार?"

"काय मागणार म्हणजे? समेट. माफी. लोकांनी किती दिवस घराबाहेर राहायचं?"

"तुझी निवडणूक कधी आहे रे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नोफानच्या घराण्यात मतं किती?"

"चारशे दहा," तो बोलून गेला.

"बघ, आकडा कसा तोंडपाठ आहे. हायेलचं वय सांग बरं."

"पंचवीस."

"सव्वीस."

त्याने एक फोन खिशात घातला, दुसरा काढला. "उम्म हायेल, मनाला लावून घेऊ नका. पोर परत येणार नाही."

"येणार नाही. मी कुठे म्हटलं येईल? मंडळींना येऊ दे. कॉफी मी करीन."

तो खूष झाला. त्याला वाटलं, वहिनी वळली. जाताना म्हणाला, "नंतर एक कागद आत पाठवीन, त्यावर फक्त अंगठा लावायचा."

त्या शुक्रवारी सकाळपासून मी कॉफीचे दाणे भाजले, उखळीत कुटले, वेलची घातली. नवऱ्याच्या वेळची मोठी पितळी सुरई घासून काढली. कॉफी चुकवायची नाही असं ठरवलं होतं. उत्तम व्हायला हवी होती.

आमच्याकडे जाहाची एक रीत आहे, ती लहान मुलालाही ठाऊक असते. आलेल्या मंडळींच्या प्रमुखाला पहिला कप देतात. तो पीत नाही, समोर ठेवतो आणि मागणं मांडतो. मागणं मान्य झालं की यजमान म्हणतो, "कॉफी घ्या, मागितलंत ते मिळालं." मग तो पितो आणि त्याच्यामागून सगळे पितात. तोवर कोणी ओठ लावत नाही. ज्याने आधी लावला, त्याचं मागणं त्या घरात संपलं. तो पाहुणा म्हणून आला, पाहुणा म्हणून प्यायला, बस.

द्राक्षाच्या मांडवाखाली खुर्च्यांच्या चार रांगा भरल्या. रातिब पाशा मध्ये बसले. फौजेतून निवृत्त, पांढऱ्या झुपकेदार मिशा, पाठ काठीसारखी ताठ. त्यांनी आमच्या डोंगरातली तीस-चाळीस भांडणं मिटवली असतील, आणि कधी कुणाकडून कोंबडीही घेतली नाही. त्यांचा शब्द चालायचा तो त्यामुळेच. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते.

मश्हूरने पाशांना कप दिला. पाशांनी तो समोरच्या तिपाईवर ठेवला. हायेलचं नाव घेतलं, त्याच्यासाठी दुआ मागितली. मग म्हणाले, "आम्ही लाज घेऊन आलोय. तुमच्या रक्ताचं ओझं आमच्या दाढीवर आहे. मोठं मन करा, या घराने माफी द्यावी, बाकी शिक्षा सरकार देईल."

मश्हूर उठला. थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला, तसं उभं राहायचं असतं म्हणून. मग दोन्ही हात पसरून म्हणाला, "पाशा, कॉफी घ्या. मागितलंत ते मिळालं."

पाशांनी कप उचलला आणि प्यायले. चाळीस कप एकदम उचलले गेले. कुणी "अल्ला बरकत देवो" म्हणालं, कुणी मश्हूरच्या खांद्यावर थापटलं.

मी शेवटचा कप रिकामा होईपर्यंत थांबले. हे लपवायचं कारण नाही. मला आधीच बाहेर जाता आलं असतं. मी गेले नाही.

मग सुरई हातात घेऊन मी मांडवात गेले. बायका अशा बैठकीत येत नाहीत. बोलणं तुटलं.

"पाशा, कॉफी कशी झाली?"

"तुमचे हात सलामत राहोत, बहीण. फार चांगली."

"कडू नाही ना जास्त?"

"कॉफी कडूच हवी."

"मग एक विचारते. प्यायला कुणी सांगितली?"

मश्हूर पुढे झाला. "उम्म हायेल, आत जा."

"आत माझंच घर आहे, बाहेरही माझंच. तू कुठे पाठवतोस मला?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला.

पाशा म्हणाले, "यजमानाने सांगितली, बहीण. मुलाच्या चुलत्याने."

मी ओढणीच्या आतून धर्मन्यायालयाचा कागद काढला आणि वाचायला लागले. मला भरभर येत नाही. एकेक अक्षर धरत गेले, आणि चाळीस पुरुष बसून ऐकत राहिले, कारण पाशांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं होतं. वारस पहिला, आई, फिद्दा. वारस दुसरा, चुलता, मश्हूर. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "मश्हूरने त्याच्या वाट्याची माफी दिली. ती त्याची, त्याने खुशाल द्यावी. घर माझं, चूल माझी, पोट माझं. माझा शब्द अजून कुणी मागितलेला नाही."

पाशांनी कागद मागून घेतला. चष्मा लावून वाचला. मग मश्हूरकडे बघितलं. "तू मला म्हणालास, आईची संमती आहे."

"पाशा, बायकांचं काय… मागाहून अंगठा घेतला असता…"

"अंगठा?" मी म्हटलं. "मला सही येते."

 पाशांनी रिकामा कप हातात घेतला होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. अख्खं आयुष्य दुसऱ्यांना रीत शिकवलेला माणूस. ते मश्हूरला हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "तू मला परक्या चुलीवरची कॉफी स्वतःची म्हणून पाजलीस."

मग उठले. "बहीण, चूक आमची. आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आम्ही पाहुणे म्हणून आलो, पाहुणे म्हणून प्यायलो. आता या दारात आम्हाला मागता येणार नाही. तुमच्याकडे दुसरं कुणी माफी मागायला आलं तर मला कळवा."

"कळवते, पाशा. पुन्हा या. कॉफी मिळेल."

मंडळी गेली. मश्हूर मांडवात एकटा उरला, चाळीस खरकट्या कपांमध्ये. "खूष झालात?" तो म्हणाला. मी म्हटलं, "अजून नाही." आणि खरंच अजून नव्हते.

त्यानंतर गावाने मला वाळीत टाकल्यासारखंच केलं. वाण्याने शेवटचं पोतं संपलंय म्हणावं आणि माझ्यामागून आलेल्या बाईला त्यातलंच पीठ द्यावं. भट्टीवर मी गेले की बायकांच्या रोट्या अचानक भाजून व्हायच्या. इमामांनी जुम्म्याला क्षमेवर प्रवचन दिलं, तेही दोन वेळा. मश्हूरची बायको निरोप घेऊन आली की आमचं नाव खाली पडतंय. मी विचारलं, "कुठून पडतंय? मतपेटीतून?" ती पुन्हा आली नाही.

फक्त रहफ यायची. तिच्या खडखडणाऱ्या गाडीतून आम्ही अम्मानला तारखांना जायचो, दोन तासांचा रस्ता. एकदा वाटेत ती म्हणाली, "खाला, कोर्टात वेगळी खोली मागता येते. तुम्हाला त्याच्यासमोर बसावं लागणार नाही, त्याचं तोंडही बघावं लागणार नाही. घाबरणाऱ्यांसाठी असते ती सोय."

"आणि समोर बसायचं असेल तर?"

"तेही मागता येतं."

"मग अगदी समोर माग. आरोपीच्या पिंजऱ्याचे गज आणि मी, मध्ये कुणी नको."

ती गाडी चालवताना हसली, मग गंभीर झाली. "त्यांचा वकील म्हणणार आहे, की रागाच्या भरात झालं. भान सुटलं होतं. ते मानलं गेलं तर तुम्ही हक्क न सोडताही शिक्षा कमी होईल."

तेव्हा मी ओढणीची गाठ सोडली. खजना उंबऱ्यावर काय बोलली ते तिला सांगितलं. रहफने गाडी कडेला घेतली.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी विचारलं नाहीस."

"पण हे ती तुम्हाला बोलली. तिला कोर्टात बोलवलं तर आई मुलाविरुद्ध थोडीच बोलणार?"

"तिला नको बोलवू. त्यालाच विचार. पण जेवलास का, असं विचारू नकोस. तसं विचारलंस तर सावध होईल. आईने काय केलं होतं, असं विचार."

"आणि त्याने सांगितलं तर?"

"सांगेल. पाच महिने तुरुंगातलं खातोय. आईच्या हातचं कुणी विचारलं तर न सांगता राहील का?"

तारखेला मला हवी तीच जागा मिळाली. नोफान गजांमागे उभा. वाळला होता, गळ्याचा मणी वर आला होता. मी त्याच्याकडे बघत बसले. तो छताकडे बघायचा, वकिलाकडे बघायचा, बुटांकडे बघायचा. कुठेही बघून परत आला की मी होतेच. मी त्या चार तासांत पाणी प्यायला उठले नाही.

त्याच्या वकिलाने रागाचं सगळं छान मांडलं. रांग, टोमणा, लोकांचं हसणं, अपमान, डोळ्यांपुढे अंधार. मग न्यायाधीशांच्या परवानगीने रहफ उठली. बुटकी, समोरच्या टेबलामागे जेमतेम दिसत होती. तिचा आवाज मऊ होता.

"नोफान, घाण्यावरून तू घरी गेलास. आई घरी होती?"

"होती."

"तिने दुपारी काय केलं होतं?"

"मुजद्दरा," तो म्हणाला. मुजद्दरा म्हणजे मसूर आणि तांदूळ, वर तळलेला कांदा. खजनाच्या हातचा कांदा कधी करपत नाही.

"सोबत?"

"दही. आणि मुळा."

"पोटभर झालं?"

"झा…" त्याचा वकील ताडकन उठला. पण आता उठून काय होणार होतं? तीन न्यायाधीशांपैकी मधल्यांनी पेन खाली ठेवलं होतं. मागच्या बाकावर खजनाने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. मला ते न वळताच कळलं, तीस वर्षांची सोबत होती.

मग न्यायाधीशांनी कागद चाळले. "वारसांपैकी मश्हूर यांनी वैयक्तिक हक्क सोडल्याची सही दिलेली आहे. आई हजर आहे?"

मी उभी राहिले.

"तुम्ही तुमचा हक्क सोडता?"

"नाही, साहेब."

"विचार करून सांगता?"

"तो जेवून आला होता, साहेब. मी उपाशी राहून विचार केलाय."

मुळात ते वाक्य मी जुळवून आणलेलं नव्हतं. पण बोलल्यावर मला ते आवडलं, आणि अजूनही आवडतं.

निकाल पुढच्या हिवाळ्यात लागला. वीस वर्षं, सक्तमजुरी, कपात नाही. वाचणाऱ्याने शेवटचे शब्द वाचले तेव्हा नोफानने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मी पापणी हलवली नाही. तुला बघण्यासाठीच मी जिवंत राहिलेय, एवढं त्याला माझ्या तोंडावर वाचता यावं, असा प्रयत्न केला. त्याला वाचता आलं असावं, कारण त्याने गज पकडले.

बाहेर व्हरांड्यात रहफने माझा हात धरला. "झालं, खाला."

तिच्या मागे खजना उभी होती. वर्षभरात तिचे खालचे दोन दात पडले होते. तिने रहफ जाईपर्यंत वाट बघितली.

"मफरक शहरात दोन खोल्यांत आम्ही सात जण आहोत, फिद्दा. मश्हूर म्हणाला, आता सगळं तुझ्या हातात आहे. तू म्हणशील तेव्हाच परतता येईल. मी माफी मागायला नाही आले. माफी मागायला तोंड नाही. फक्त घर."

"परत ये," मी म्हटलं.

ती माझ्या हाताचं चुंबन घ्यायला वाकली. मी हात मागे घेतला.

"वाकू नकोस, तुझ्यावर दया करत नाहीये. तू मफरकला राहिलीस तर तुला काय दिसणार? परक्या गावच्या भिंती. तू माझ्या समोर राहा. रोज सकाळी दार उघडशील, तेव्हा माझ्या दोरीवर एकाच बाईचे कपडे वाळताना बघ. सुनेचे नाहीत, नातवाचे नाहीत. ते बघत म्हातारी हो."

तिने ओढणी डोक्यावर ओढून घेतली. मग म्हणाली, "बुधवारी येऊ?"

"ये."

लोकांनी लगेच सुरू केलं, फिद्दाने मोठं मन केलं. पाशांनी माणूस पाठवून माझं कौतुक केलं. मश्हूर निवडणूक हरला तरी एकदा अंजीर घेऊन आला. मी ज्याला त्याला सांगते की मी कुणालाही माफ केलेलं नाही. त्यांना ते ऐकायचं नसतं, म्हणून ते माझ्या बोलण्यावर हसतात.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तुरुंगात भेटीचा दिवस असतो. सकाळी सातला झऱ्याजवळून बस सुटते. खजना डबा घेऊन येते. मी तिच्याआधी तिथल्या दगडावर जाऊन बसलेली असते. ती आली की मी विचारते, "किती राहिले?" पहिल्या काही महिन्यांत ती रडायची. मग फक्त आकडा सांगायला लागली. आता तर मी विचारायच्या आधीच ती सांगते आणि बस येईपर्यंत शेजारी बसते. परतल्यावर संध्याकाळी मी रस्त्याच्या अलीकडून विचारते, "कसा आहे?" ती रस्त्याच्या पलीकडून सांगते. केस पांढरे होतायत. दाढ दुखते. रात्री झोप नाही. मी निघाले की रडतो. मी ऐकते आणि आत जाते. त्या दिवशी मला जेवण जातं.

गेल्या फेब्रुवारीत ती झऱ्यावर आली नाही. डोंगरावर गारा पडल्या होत्या, बसला वीस मिनिटं होती. मी रस्ता ओलांडला. ती परतल्यापासूनच्या दोन वर्षांत पहिल्यांदाच ओलांडला. दार ढकललं. ती गादीवर पडून होती, डोळे तांबडे.

"ताप आहे गं," ती म्हणाली. "आज नाही जमत. पुढच्या महिन्यात जाईन."

"ऊठ."

"फिद्दा, उभं राहवत नाही."

"तू नाही गेलीस तर तो म्हणेल, आई विसरली. मग त्याला एकटं राहायची सवय लागेल. दर महिन्याला तू भेटून निघालीस की त्याला काय होतं, ते तूच मला सांगितलंयस. ते चुकायचं नाही. ऊठ."

 मी तिच्या चुलीवर पाणी ठेवलं, त्यात सेजची औषधी पानं टाकली, उकळून तिला पाजलं. बूट तिच्या पायात घातले, नाड्या मी बांधल्या. डबा रिकामा होता, तेव्हा माझ्या घरून रोट्या आणि दही आणून त्यात भरलं. माझ्या हातचं तो खाईल, आणि कुणाच्या हातचं आहे हे ती त्याला सांगेल, हे रस्ता ओलांडतानाच माझ्या डोक्यात आलं. मग मी आणखी दोन रोट्या घातल्या.

तिला दंडाला धरून बसपर्यंत नेलं. वर चढवलं. खिडकीशी बसवलं.

बस सुटताना तिने काच सरकवली. मी विचारलं नव्हतं.

"सोळा वर्षं, नऊ महिने," ती म्हणाली.

"ओढणी नीट गुंडाळून घे," मी म्हटलं. "वारा आहे."